आओ म्हणजे नेमका कोणता दिवा?

जर्मनीला जाऊन आले म्हटलं की लोक मला किल्ले, बर्फ आणि चॉकलेटं यांबद्दल विचारतात. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. लुडविग्सहाफेन आणि कार्ल्सरूहे यांच्या मधे, ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेलं एक गाव आहे. त्या गावात मी नऊ दिवस होते आणि त्यातला बराच वेळ एका कारखान्याच्या शेडमध्ये कानात बोळे घालून उभी होते.

मी पुण्यात जपानी शिकवते आणि जपानी कागदपत्रांची भाषांतरं करते. याला आता तीस वर्षं झाली. दोन हजार तेरा सालच्या सप्टेंबरात पुण्याच्या एका कंपनीने मला तोंडी भाषांतरासाठी जर्मनीला पाठवलं. या कंपनीने त्या गावातला गाड्यांचे सुटे भाग करणारा जुना कारखाना विकत घेतला होता आणि तिथे जपानहून एक नवं मशीन आलं होतं. मशीन चालू करून द्यायला आलेल्या ओकाबे-सान यांना जपानीशिवाय कुठलीच भाषा येत नव्हती. कारखान्यातल्या कामगारांना फक्त जर्मन. कंपनीचा तिथला इंजिनिअर श्रीपाद मूळचा आमच्या कोथरूडचा, त्याला जर्मन उत्तम. म्हणजे ओकाबे-सान जपानीत बोलणार, मी ते श्रीपादला सांगणार आणि तो जर्मनमध्ये पुढे देणार. मधला टप्पा इंग्रजीत होईल असं ऑफिसने धरलं होतं. पहिल्या तासाभरातच इंग्रजी गळून पडलं आणि आम्ही मराठीवर आलो.

रविवार, कार्ल्सरूहे

शनिवारी पोचले. रविवारी श्रीपादच्या घरी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. ओकाबे-सान बासष्ट वर्षांचे, किरकोळ बांध्याचे, रविवारीही कारखान्याचं जाकीट घालून आलेले. श्रीपादच्या बायकोने, मृदुलाने, वरणभात, भरली वांगी आणि काकडीची कोशिंबीर केली होती. ओकाबे-सानांनी वांगं बोटाने न धरता चमच्याने इतकं नीट सोडवलं की मृदुला जेवण विसरून बघत राहिली. तुपाचं भांडं मात्र त्यांनी हळूच लांब सरकवलं.

जेवणानंतर श्रीपादच्या सहा वर्षांच्या मुलीने, रेवाने, आम्हाला बागेत न्यायचं ठरवलं. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. रस्ता ओलांडायच्या जागी आलो. दोन्ही बाजूंना एकही गाडी नव्हती. मी सवयीने पाय पुढे टाकला, तर तिने माझा हात मागे ओढला.

"रोट, आजी! रोट!"

समोरच्या सिग्नलमधला माणूस लाल होता. ओकाबे-सान केव्हाचेच थांबले होते, दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून. माझ्या मागे कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या बाईंनीही माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. ज्या रस्त्यावरून काहीच येत नाही त्याच्या कडेला चार माणसं आणि एक कुत्रं असे आम्ही उभे राहिलो. मग दिवा बदलला.

"आओ," ओकाबे-सान स्वतःशीच म्हणाले आणि चालू लागले.

रेवाने विचारलं, हे काय म्हणाले. मी म्हटलं, "जपानीत आओ म्हणजे निळा. पण सिग्नलच्या हिरव्या दिव्यालाही ते आओच म्हणतात."

"नाइन!" रेवा रस्त्याच्या मधोमध थांबली. "दास इस्ट ग्र्यून!"

नाही, हा हिरवाच आहे, असं तिचं म्हणणं. तिला हाताला धरून पलीकडे न्यावं लागलं. वर्गात पहिल्या महिन्यात माझे विद्यार्थी हाच वाद घालतात. जुन्या जपानीत हिरवा आणि निळा या दोन्हींना मिळून एकच शब्द होता, आओ. पुढे हिरव्यासाठी मिदोरी हा वेगळा शब्द रुळला, पण आओने धरलेल्या काही जागा सोडल्या नाहीत. कोवळी पालवी आओ, हिरवं सफरचंद आओ, पालेभाजी आओ आणि सिग्नल आओ-शिंगो. शिंगो म्हणजे सिग्नल. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सिग्नलचा आओ म्हणजे हिरवा.

सोमवार, कारखान्यात

मशीनचं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तांब्याच्या पोकळ नळीचं एक कडं असतं. त्यात पोलादी दांडा उभा करायचा. कड्यातून वीज सोडली की दांडा काही सेकंदांत लालबुंद होतो, मग त्यावर पाणी पडतं आणि तो कडक होतो. शेवटी कडं मागे सरकतं आणि मगच दांडा सोडवायचा. कड्याला तिथे सगळे जपत होते, कारण ते त्या दांड्याच्या मापाचं बनवलेलं होतं आणि दुसरं थेट जपानहून यायला तीन आठवडे लागले असते.

मशीनच्या डोक्यावर रंगीत दिव्यांचा छोटा खांब होता. ओकाबे-सानांनी तो दाखवत सांगितलं, "लाल लागला की बिघाड. पिवळा लागला की लक्ष द्या. आओ लागला की सगळं ठीक चाललंय." मी म्हटलं, "हिरवा लागला की ठीक." श्रीपादने ते जर्मनमध्ये सांगितलं. खांबावर चौथा दिवाही होता, पण त्याची तार अजून जोडायची होती. त्याच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली होती आणि त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

दुपारच्या बैठकीत ओकाबे-सान म्हणाले, "वेळापत्रकाला की-शिंगो लागला आहे." की-शिंगो म्हणजे पिवळा सिग्नल. पाण्याचा पंप दोन दिवस उशिरा आला होता. मी क्षणभर अडले. जपानी वर्तमानपत्रांत हे दिवे रोज पेटतात. एखाद्या धंद्याला पिवळा सिग्नल लागतो, एखाद्याच्या तब्येतीला लागतो. जपानी माणूस कामाच्या ठिकाणी तो शब्द काढतो तेव्हा त्याची झोप उडालेली असते. आणि आका-शिंगो, म्हणजे लाल सिग्नल, असं म्हणाला तर काम बुडायला आलं असं समजायचं. आपल्याकडे रेल्वेमुळे हिरवा कंदील तेवढा भाषेत आला. पिवळा कुणी आणला नाही. पुण्यात पिवळा दिवा दिसला की लोक गाडी जोरात काढतात, म्हणून शब्दाला शब्द देण्यात अर्थ नव्हता.

"वेळेत काम होईल का, याची त्यांना खरोखर भीती वाटतेय," मी श्रीपादला सांगितलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने लगेच दोन माणसं जास्त दिली. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या गास्टहाउसमध्ये मी स्वतःवर खूश होते. कांदा आणि चीज घातलेली तिथली नूडल्ससारखी श्पेट्झले मी दोनदा मागून खाल्ली.

बुधवार

मंगळवारी पंप बसला. बुधवारी सकाळी पहिली चाचणी होती. मशीनवर फ्राऊ केलर होत्या. पंचेचाळीसच्या आसपासच्या, आखूड केस, दंडावर जुन्या भाजल्याची खूण. आधीचा कारखाना बंद पडल्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच इथे आल्या होत्या आणि अजून प्रोबेट्साइटवर, म्हणजे परीक्षाकाळावर होत्या. या काळात कंपनी फारसं कारण न देता माणसाला काढू शकते, असं श्रीपादने मला सांगितलं होतं.

चाचणीत मशीन एकेक पायरी करत हाताने चालवायचं होतं. त्यासाठी चुकीच्या वेळी अडवणारी आपोआपची यंत्रणा बंद ठेवली होती. कानात बोळे, पंपाचा आवाज. ओकाबे-सान मोठ्याने म्हणाले, "आओ लागला की दांडा सोडवा."

"हिरवा लागला की दांडा सोडवा," मी म्हटलं.

श्रीपादने सांगितलं. फ्राऊ केलर यांनी दांडा सोडवायच्या दांडीवर हात ठेवला, पण ओढायच्या आधी मान वळवून विचारलं, "ग्र्यून?"

"या, ग्र्यून," श्रीपादने होकार दिला.

दांडा तापला, लाल झाला, पाणी पडलं, हिरवा दिवा लागला आणि त्यांनी दांडी ओढली. ठण्ण असा आवाज आला. कडं अजून मागे सरकलेलं नव्हतं. दांडा त्याच्यावर आपटला, नळी वाकली, जोड फुटला आणि पाण्याची चिळकांडी थेट ओकाबे-सानांच्या छातीवर उडाली. कुणाला लागलं नाही. लाल दिवा लागला आणि मशीन थांबलं.

"आका-शिंगो," ओकाबे-सान निथळत म्हणाले. हे ते दिव्याबद्दल म्हणत होते की सगळ्या कामाबद्दल, ते मी विचारलं नाही.

फोरमन हेर श्टाइन धावत आले. ओकाबे-सान फ्राऊ केलर यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांनी थांबायला हवं होतं." हे मी सांगितलं, श्रीपादने सांगितलं. फ्राऊ केलर म्हणाल्या, "मला हिरवा सांगितला होता." हेही आम्ही सांगितलं. जपानीत सांगताना मी हिरव्याला आओ म्हटलं, आणि ओकाबे-सानांनी मान हलवली: बरोबर, आओ, मग थांबल्या का नाहीत? एका शब्दावरून आम्ही दोन्ही बाजूंना फिरत राहिलो आणि तो शब्द मीच दोन्हीकडे पोचवत होते. शेवटी फ्राऊ केलर हातमोजे काढून बाकावर जाऊन बसल्या.

अर्ध्या तासाने ओकाबे-सान जेवणाच्या खोलीत अहवालाचा छापील कागद भरत होते. मी शेजारी चहा घेऊन बसले होते. त्यांचं अक्षर फार सुरेख. घटनेचा क्रम लिहिला होता: तापवणं पूर्ण, पाणी पूर्ण, मिदोरी दिवा लागला. पुढची ओळ होती: कडं मागे जाऊन आओ दिवा लागायच्या आधीच दांडा सोडवला गेला. त्याखाली, कारण: चालक केलर यांची चूक.

मिदोरी आणि आओ, एकाखाली एक. मी कप खाली ठेवला आणि दारातून मशीनकडे पाहिलं. खांबावर चौथ्या दिव्याची पट्टी काढलेली होती. मंगळवारी तार जोडून झाली असणार. तो दिवा निळा होता.

सिग्नलचा आओ म्हणजे हिरवा, हे इतकी वर्षं घोकलेलं वाक्य माझ्या तोंडून विचार करायच्या आत बाहेर पडलं होतं. डोळ्यांसमोर निळा दिवा असताना.

मी श्रीपादला बाहेर नेलं आणि सांगितलं.

"ताई, आत्ता काही बोलू नका," तो म्हणाला. "आधी कडं दुरुस्त होऊ दे. पुण्याला कळलं तर पहिला प्रश्न येईल की दुभाषी कोणी निवडली. तुमचं नाव मीच दिलं होतं."

"आणि फ्राऊ केलर?"

"त्यांचं मी बघतो. हेर श्टाइनना नंतर समजावतो."

"कागदावर त्यांचं नाव आलंय, श्रीपाद."

"जपानीत आलंय ना? वाचणार कोण?"

तो वाईट मुलगा नाही. घाबरला होता. मीही घाबरले होते. शेडमागून द्राक्षांच्या मळ्यात जाणारा रस्ता आहे, त्यावरून मी वीसेक मिनिटं चालले. तोडणी चालू होती. एका बाईने न विचारता माझ्या हातात घोस दिला. तो खात खात मी मनात हिशेब मांडत होते: अठ्ठावन्न वर्षांची मी, इतक्या मोठ्या कामाला पहिल्यांदाच आलेली. खरं सांगितलं तर हे पहिलं आणि शेवटचं. द्राक्षं आंबट होती, वाइनची असावीत. परत आले तेव्हा ओकाबे-सान कागद पाकिटात घालत होते.

"ओकाबे-सान, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही आओ म्हणालात, मी हिरवा सांगितलं. फ्राऊ केलर यांनी मी सांगितलं तसंच केलं. विचारूनसुद्धा घेतलं."

त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "मी आओ म्हणालो? बुरू नाही म्हणालो?" बुरू म्हणजे इंग्रजीतलं ब्लू, कारखान्यांत ते असं म्हणतात.

"आओ म्हणालात."

त्यांनी दारातून मशीनवरच्या चार दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चार दिव्यांचं मशीन असलं की हिरव्याला मिदोरीच म्हणायचं, असा आमच्याकडे नियम आहे. नव्या पोरांना तो मीच शिकवतो. आणि सोमवारी मी स्वतः हिरव्याला आओ म्हणालो. तुम्ही त्या दिवशी बरोबर सांगितलंत, म्हणून आज चुकलात."

"तरी समोर निळा दिवा होता. मला दिसायला हवा होता."

"हो," ते म्हणाले. "दिसायला हवा होता."

त्यांनी कागद बाहेर काढला. खिशातून पट्टी काढून कारणाच्या ओळीवर दोन सरळ रेघा मारल्या, रेघांशेजारी आपला छोटा लाल शिक्का उमटवला आणि खाली नवी ओळ लिहिली: सूचनेतला शब्द संदिग्ध होता. मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझंही नाव लिहा. त्यांनी दोन्ही नावं लिहिली, आधी स्वतःचं.

मग सगळ्यांना बोलावून मी हे मराठीत सांगितलं आणि श्रीपादने एक शब्दही न गाळता जर्मनमध्ये सांगितलं. शेवटी त्याने स्वतःहून जोडलं की फ्राऊ केलर यांनी विचारलं तेव्हा खात्री करून घेणं त्याचंही काम होतं. हेर श्टाइन यांनी "आल्झो", म्हणजे असं होय, म्हणून एक लांब श्वास सोडला. फ्राऊ केलर हातमोजे चढवून कामावर गेल्या.

गुरुवार आणि शुक्रवार

कडं जपानहून मागवायचं नाही, इथेच सांधायचं, असं हेर श्टाइन यांनी ठरवलं. कारखान्याच्या दुरुस्ती विभागातल्या माणसाने गुरुवारी सकाळी तांब्याचा जोड चांदीच्या मिश्रधातूने सांधला. पाणी सोडलं आणि तासाभरात तो पुन्हा गळू लागला. ओकाबे-सानांनी टोकियोतल्या आपल्या कंपनीला फोन करून पुन्हा आका-शिंगो म्हटलेलं मी ऐकलं. या वेळी दिव्याबद्दल नक्कीच नव्हतं. दुपारी जुना सांधा पूर्ण खरवडून पुन्हा केला. ओकाबे-सान स्वतः नळी धरून बसले होते. त्यांच्यात आणि सांधणाऱ्या माणसात एकही समान शब्द नव्हता, पण त्या वेळी आम्हाला कुणी बोलावलं नाही. हाताने खूण करून काम चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता चाचणी झाली. मशीनवर फ्राऊ केलरच होत्या. ओकाबे-सानांनी सूचना देताना खांबापाशी जाऊन दिव्यावर बोट ठेवलं. मी "निळा" म्हटलं, श्रीपादने "ब्लाऊ" म्हटलं आणि फ्राऊ केलर यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं, मग मान हलवली. वीस दांडे झाले. एकही वाकडा गेला नाही.

अकरा वाजता टोकियोतून उत्तर आलं की आओ-शिंगो मिळाला, मशीन ताब्यात द्यायला हरकत नाही. मी श्रीपादला सांगितलं, "हिरवा कंदील." तो शेडमध्येच मटकन खुर्चीवर बसला.

त्याच दुपारी पुण्याहून ईमेल आली. झालेल्या प्रकाराची नोंद घेतली आहे, पुढच्या टप्प्याला दुसरी व्यवस्था करण्यात येईल. भाषा सभ्य होती. त्या कंपनीचं काम मला नंतर कधी आलं नाही. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्या संध्याकाळी मी खोलीतून बाहेर पडले नाही, डब्यातल्या मेतकुटाबरोबर गास्टहाउसचा पाव खाल्ला.

शनिवार, फ्राऊ केलर यांच्या घरी

शनिवारी श्रीपाद गाडी घेऊन आला. "ताई, फ्राऊ केलर यांनी जेवायला बोलावलंय. तुम्हाला आणि ओकाबे-सानांना."

घर गावाच्या टोकाला, अंगणात नासपतीचं झाड. जेवणात बटाट्याचं घट्ट सूप आणि त्याच्याबरोबर जांभळ्या आलुबुखाराचा केक. नंतर नाही, सूपबरोबरच. खारट चमचा, गोड घास, पुन्हा खारट चमचा. इकडे सप्टेंबरात घरोघरी असंच जेवतात म्हणे. मला कटाची आमटी आणि पुरणपोळी आठवली आणि ते मी सांगितलं. गोड पोळी तिखट आमटीबरोबर खातात हे फ्राऊ केलर यांना आधी खरं वाटेना, मग एकदम पटलं. मी शाकाहारी म्हणून त्यांनी सूपमधलं सॉसेज वेगळं ठेवलं होतं. ओकाबे-सानांनी केक आधी संपवला, मग सूप, आणि दोन्ही वेळा भांड्याला वाकून नमस्कार केला.

जेवण होईपर्यंत कारखान्याचा विषय निघाला नाही. कॉफी आली तेव्हा फ्राऊ केलर यांनी श्रीपादकडे बघून काहीतरी विचारलं. बोलताना टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत होत्या. श्रीपाद जरा घुटमळला.

"त्या विचारतायत," तो म्हणाला, "तुम्ही का सांगितलंत. कुणाला कळलं नसतं. त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपण ऐकण्यात चुकलो."

जे होतं ते मराठीत सांगितलं आणि श्रीपाद ते जर्मनमध्ये सांगत गेला. मी म्हटलं, "कागदावर तुमचं नाव जपानीत लिहिलं होतं. ते तुम्हाला वाचता येत नव्हतं. मला येत होतं."

फ्राऊ केलर यांनी चुरे ताटलीत टाकले. मग उठून सुरी घेतली, केकचा आणखी एक तुकडा कापला, माझ्या ताटलीत ठेवला आणि मी नको म्हणायच्या आत त्याच्याशेजारी सूपही वाढलं.